अर्ध्या दिवसाचं अख्खं गणित

बीड शहरात स्पर्धा परीक्षांचे क्लास गल्लोगल्ली आहेत. काळ-काम-वेग तिथं जीव तोडून शिकवतात. बारा मजूर एक विहीर आठ दिवसांत खणतात, तर चार मजूर मधूनच पळून गेल्यावर किती दिवस लागतील, हे पोरं झोपेतसुद्धा सांगतात. पण एक गणित या क्लासांत कुणी घेत नाही, आणि नोकरी लागली की पहिल्याच महिन्यात तेच पुढ्यात येतं. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा नेमकी किती वाजता सुरू होते?

शेतकरी वाचक म्हणेल, यात गणित कसलं? सूर्य डोक्यावर आला, दिवस अर्धा झाला. शेतात ते खरं आहे. कार्यालयात दिवसाचा मध्य आस्थापना शाखेचे भाऊसाहेब ठरवतात, आणि त्यांचा सूर्य हजेरीपटावर उगवतो.

मूळ भानगड २०२० सालची. त्याआधी मुंबईबाहेरच्या सरकारी कार्यालयांची वेळ सकाळी दहा ते पावणेसहा होती आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुटी. मग सरकारनं पाच दिवसांचा आठवडा केला. लागू कधीपासून? २९ फेब्रुवारी २०२० पासून. चार वर्षांतून एकदा उगवणारी तारीख, त्यातही वार शनिवार. म्हणजे नव्या वेळापत्रकाची अंमलबजावणीच सुटीनं सुरू झाली. एखाद्या शासन निर्णयाची इतकी तंतोतंत, पहिल्या दिवसापासून, शंभर टक्के अंमलबजावणी झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

शनिवार मिळाल्याच्या आनंदात पुढचा हिशेब बऱ्याच जणांनी सोमवारी वाचला. वेळ आता पावणेदहा ते सव्वासहा. सरकारनं आकडेमोड जाहीरच केली होती. जुन्या पद्धतीत जेवणाचा अर्धा तास वगळून रोज ७ तास १५ मिनिटं काम, वर्षाचे कामाचे दिवस २८८, एकूण २०८८ तास. नव्या पद्धतीत अर्धा तास वगळून रोज ८ तास, दिवस २६४, एकूण २११२ तास. म्हणजे वर्षातले चोवीस दिवस कमी झाले आणि काम चोवीस तासांनी वाढलं! सुटी देऊन वर काम काढून घ्यायचं, आणि घेणाऱ्यानं पेढे वाटायचे. हे गणित ज्यानं मांडलं त्याला मंत्रालयात कशाला बसवलाय? मोंढ्यात आडत टाकून दिली पाहिजे.

त्या हिशेबातले दोन शब्द मात्र डोळ्यांत भरतात: 'जेवण वगळून'. साडेआठ तास माणूस कार्यालयात, मोजणीत आठ तास. मधला अर्धा तास सरकारचा नाही. मग तो कर्मचाऱ्याचा म्हणावा, तर त्या अर्ध्या तासात तो जाऊन जाऊन जाणार कुठं? समोरच्या टपरीपर्यंत. तिथंही कुणीतरी फाईल घेऊन गाठतोच.

जुन्या वेळेत अर्ध्या दिवसाचं गणित आणखी बारीक होतं. ७ तास १५ मिनिटांचा अर्धा म्हणजे ३ तास ३७ मिनिटं आणि ३० सेकंद. त्या काळी मस्टरवर सह्या व्हायच्या म्हणून बरं. यंत्र असतं, तर साडेसदतिसाव्या मिनिटाला अंगठा लावायला रांग लागली असती, आणि सदतीस मिनिटं एकोणतीस सेकंदाला लावणाऱ्याचा खुलासा मागवला असता.

आता आठाचा अर्धा चार. वरवर बघता सोपं. तर बघा. ज्याला दुपारनंतरची रजा हवी, त्यानं पावणेदहाला आल्यावर चार तास कधी भरतात? पावणेदोनला; मध्ये जेवला नाही तर. ज्याला सकाळची रजा हवी, त्यानं सव्वासहाच्या चार तास आधी यायचं, म्हणजे सव्वादोनला, घरून जेवून. एकाच टेबलावरचे दोघं असे एकाच दिवशी निघाले, तर एक जण पावणेदोनला उठतो आणि दुसरा सव्वादोनला बसतो. मधला अर्धा तास खुर्ची रिकामी, पंखा चालू. दोघांनीही आपले चार-चार तास प्रामाणिकपणे दिले, तरी अभ्यागत म्हणणार कार्यालयात कुणी नव्हतं. आणि तोही खरंच बोलणार.

आता जेवण मध्ये घाला. जेवायची सुटी एक ते दोनच्या दरम्यान, जास्तीत जास्त अर्धा तास. ४ जून २०१९ च्या शासन आदेशात हे स्पष्ट आहे. एकाच शाखेतल्या सगळ्यांनी एकदम उठू नये, असंही त्यात लिहिलंय. समजा, एकला जेवून दीडला परत बसलात. तर दुपारआधी सव्वातीन तास झाले आणि दुपारनंतर पावणेपाच उरले. जेवणापर्यंत अर्धा दिवस, असं धरलं तर सकाळी रजा घेणाऱ्याची सव्वातीन तासांची सुटी आणि दुपारी घेणाऱ्याची पावणेपाच तासांची, पण खात्यातून दोघांचीही जाणार तीच अर्धी. म्हणून जाणता कर्मचारी अर्धी रजा कायम दुपारनंतरची घेतो, आणि जाणते भाऊसाहेब ती कायम सकाळची मंजूर करतात.

एका कार्यालयात हा खटला चाललेला ऐकायला मिळाला. कार्यालयाचं नाव राहू द्या, सगळीकडे तोच आहे. भाऊसाहेबांपुढं हजेरीच्या यंत्राची छापील यादी, चष्मा कपाळावर, बोट एका ओळीवर दाबून धरलेलं. समोर तरुण लिपिक, नवाच लागलेला.

"पावणेदोनला थंब लावून गेलात. बरोबर?"

"हो भाऊसाहेब. पावणेदहा ते पावणेदोन. चार तास भरले की."

"जेवलात का?"

"जेवलो."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

"मग पावणेचार भरले. पंधरा मिनिटं कमी आली."

"पण भाऊसाहेब, मी उठलोच न्हाई. इथंच, संगणकापुढं. एका हातानं धपाटं खायलो अन् एका हातानं एंट्री मारायलो."

भाऊसाहेबांनी चष्मा खाली ओढला. विचार केला. "तसं खाल्लं तर जेवण धरता येत न्हाई," ते म्हणाले. लिपिकाचा चेहरा फुलला. "पण जेवताना केलेलं काम बी धरता येत न्हाई."

दाराशी शिपाईमामा उभे होते. मामांची वेळ साडेनऊ ते साडेसहा. सगळ्यांच्या आधी येऊन कुलपं काढायची, सगळे गेल्यावर लावायची. अर्धा तास जेवण वगळलं तर साडेआठ तास, त्याचा अर्धा सव्वाचार. म्हणजे मामांचा अर्धा दिवस साहेबांच्या अर्ध्या दिवसापेक्षा पंधरा मिनिटांनी मोठा आहे. हे त्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "आपल्याला रजाच कुठं मिळायलीय? कुलपाची किल्ली हाय ना माझ्याकडं." तिथं सगळी गणितं संपली.

किरकोळ रजा वर्षाला आठ. कागदावर आठ, व्यवहारात सोळा अर्ध्या, कारण अख्खी रजा घेणं हा उधळेपणा समजला जातो. एकतीस डिसेंबरला उरलेल्या बुडतात. त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात रजा संपवण्याची मोहीम निघते आणि त्या काळात कार्यालयात सापडणारा माणूस एकतर नवा असतो किंवा त्याची रजा आधीच संपलेली असते. तीन लेटमार्कांची एक किरकोळ कापायची, ही दहशत वेगळीच. त्यामुळं पावणेदहाच्या सुमारास बार्शी नाक्यावरून मोटारसायकली ज्या वेगानं येतात, त्या वेगानं जिल्ह्यात दुसरं काही पुढं सरकत नाही.

आणि गंमत अशी की नियमांच्या लेखी किरकोळ रजा ही रजाच नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अर्जित आहे, अर्धवेतनी आहे, परिवर्तित आहे, असाधारणही आहे. किरकोळ त्या पंगतीत बसत नाही. किरकोळ रजेवरचा माणूस तांत्रिकदृष्ट्या कामावरून गैरहजर मानला जात नाही. 'साहेब आहेत, पण आत्ता नाहीत,' हे शिपायाचं वाक्य आपण आजवर टोलवाटोलवी समजत होतो. ते नियमाचं तंतोतंत वाचन आहे.

अर्ध्या दिवसाची रजा आणि अर्धवेतनी रजा यांतही गफलत करू नका. पहिलीत दिवस अर्धा आणि पगार पूर्ण. दुसरीत दिवस पूर्ण आणि पगार अर्धा. अर्धवेतनी वर्षाला वीस मिळतात, आणि दोन अर्धवेतनी खर्ची घातल्या की वैद्यकीय दाखल्यावर एक पूर्ण पगाराची रजा होते, तिला परिवर्तित म्हणतात. दोन अर्ध्यांचा एक पूर्ण होतो, हे कळायला तिसरी पास पुरे. पण सेवापुस्तकात ते बसवायला जन्म जातो.

अर्धी रजा लागते कशाला? अर्जावर एकच कारण असतं: 'घरगुती कामानिमित्त'. या दोन शब्दांत पोरीला बघायला आलेले पाहुणे, बँकेतली केवायसी, पीकविम्याचा अर्ज, सोयाबीनच्या काढणीला न आलेले मजूर आणि झेडपीत अडकलेली बायकोची फाईल, सगळं मावतं. शेवटचं कारण फार महत्त्वाचं. एका कार्यालयातला माणूस दुसऱ्या कार्यालयातलं आपलं काम करून घ्यायला अर्धी रजा टाकतो आणि तिथला माणूस नेमका त्याच वेळी तिसऱ्या कार्यालयात गेलेला असतो. जिल्ह्यातल्या निम्म्या अर्ध्या रजा अशा एकमेकांना शोधत फिरत असाव्यात. अपडाऊन करणाऱ्यांची तर आणखी एक जमात आहे. मुख्यालयी राहण्याचा नियम त्यांना पाठ असतो आणि एसटीचं वेळापत्रक त्याहून पाठ. रेल्वेची वाट जिल्ह्यानं पिढ्यानपिढ्या पाहिली, तेव्हा कुठं १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला गाडी सुटली. आता उशिराच्या खुलाशात एसटी पंक्चर होण्याबरोबर क्रॉसिंगचीही सोय झाली.

हा जेवणाचा बिनहिशेबी अर्धा तास आला कुठून? गिरणीतून. १८८४ साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या आजच्या माणसाला लाज वाटावी इतक्या साध्या: आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पंधरा तारखेच्या आत. रविवार मिळाला १० जून १८९० ला, आणि दुपारचा अर्धा तास १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आला. म्हणजे आज टपरीवर उभं राहून आपण जो कटिंग मारतो, तो मुळात सत्यशोधकांच्या खात्यावर आहे. 'दीनबंधू' चालवणाऱ्या त्या माणसाचा फोटो खरं तर प्रत्येक कॅन्टीनच्या गल्ल्यावर लागायला पाहिजे.

बीडला अर्थात लोखंड्यांचा रविवार लगेच लागू नव्हता. आपण निझामाच्या राज्यात, आणि निझामी अमलात सरकारी सुटी शुक्रवारची. रविवार आपल्याकडे १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर आला. मराठवाडा उशिरा येतो अशी तक्रार असणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की आमच्याकडे सुटीच मुळात उशिरा आली.

सरकारी माणसाचा अर्धा तास निदान वादाला तरी आहे. सुभाष रोडवरच्या कापडाच्या दुकानात जाऊन बघा. २०१७ चा राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०२५ च्या दुरुस्तीआधी सांगायचा, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, वर्षाला आठ नैमित्तिक रजा. तोही तेव्हा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना. आता कुठलाही मालक नववा पोरगा ठेवून झाल्यावर दहाव्याच्या जागी आपल्या भाच्याला का बसवायचा, ते कळलं असेल. दुपारी तीनच्या सुमाराला साड्यांच्या गठ्ठ्यामागं मांडी घालून एक पोरगा भाकरी-ठेचा खात असतो. घास तोंडात, नजर दारावर. बाई आत आली की तो घास गालात ढकलतो आणि त्याच दमात म्हणतो, "या ताई, पैठणी बघायची का काठपदर?" ताईंना वाटतं, पोरगं गोड बोलतंय. त्याच्या तोंडात शेंगदाण्याची चटणी असते. त्याचा अर्धा तास सहा हप्त्यांत पार पडतो आणि चौथ्या हप्त्याला मालक म्हणतात, "अजून जेवायलाच का रे?"

त्याच्या अर्ध्या दिवसाचं सूत्र मात्र फार सुटसुटीत आहे. उशिरा आला तर अर्धा दिवस कट. लवकर गेला तर अर्धा दिवस कट. उशिरा येऊन लवकर गेला तर खाडा. आणि रात्री दहापर्यंत थांबला, तर 'आपलंच दुकान आहे.'

खाडा. आता या शब्दापाशी आलोच आहोत, तर जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या हजेरीपटाकडं वळू. दसरा-दिवाळी झाली की बीडच्या गावागावांतून ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इथली गावंच्या गावं चार-सहा महिने म्हाताऱ्यांच्या ताब्यात राहतात. तिथला हिशेब कोयत्यावर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता, उचलही अर्धी. कार्यालयात अर्धा होतो तो दिवस; इथं अर्धा होतो तो माणूस. बायको आजारी पडली, की नवऱ्याचं तिथल्या तिथं अपूर्णांकात रूपांतर.

जेवणाची सुटी? फडात तसा प्रकार नाही. पहाटे चारला उठून बाईनं भाकरी थापलेल्या असतात. मोळ्या बांधता बांधता पाचटावर बसून त्या खायच्या. रात्री-अपरात्री ट्रक आला की उठून भरायचा. वेळेचा पगार नाहीच, टनाचा आहे. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ च्या घरात गेला. टनावर काम असलं, की जेवणाचा अर्धा तास वगळायची कटकटच राहत नाही. तो आपोआप वगळला जातो. आणि दिवस पडला तर मुकादमाच्या वहीत खाडा. कामाला न जाण्याचे पैसे उलट आपणच भरायचे. रोजचा ५०० रुपयांचा हा दंड २०१९ साली पेपरांत गाजला, आणि त्या खाड्याच्या धास्तीनं बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं त्याच वेळी बाहेर आलं. सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. यावर विनोद होत नाही, म्हणून पुढं जातो.

पुढं म्हणजे पुन्हा कार्यालयातच. कारण २०२१ साली सरकारनं ठरवलं की ऊसतोड कामगारांची गावोगाव नोंद करायची, त्यांना ओळखपत्र द्यायचं, आणि ते काम आलं ग्रामसेवकाकडं. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पाटी बदलली, कुलूप तेच. ओळखपत्र असलं तर पुढच्या योजनांना काही आधार. नोंदीला लागतो कागद, सही आणि शिक्का. ज्याच्या खाड्याला दंड आहे असा माणूस, ज्याची अर्धी रजा मंजूर आहे अशा माणसाला शोधत ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसतो. एकाकडं वेळ नाही, दुसऱ्याकडं आहे पण 'घरगुती कामानिमित्त' दिलेला. ओट्यावर बसलेला माणूस दुपारपर्यंत वाट बघतो, मग निघतो. त्याला सरपण तोडायचं असतं, बैलांना पत्र्या ठोकायच्या असतात, पोरांची सोय लावायची असते.

तेव्हा भाऊसाहेब, ग्रामसेवक आप्पा, आणि शिक्क्याचा ताबा असलेल्या समस्त मंडळींना एक विनंती. तुमच्या सोळाच्या सोळा अर्ध्या रजा तुम्हाला लखलाभ. त्या लोखंड्यांच्या पुण्याईनं मिळाल्यात, एकही बुडू देऊ नका. फक्त दसरा ते दिवाळी, टोळ्या निघायच्या आधीचे जे पंधरा-वीस दिवस असतात, त्यात अर्धी रजा घ्यायची वेळ आली तर दुपारनंतरची घ्या. ही माणसं कामाला सकाळीच येतात.